एक माप जास्त

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी पिठाच्या डब्यात हात घातला, माप हाताला लागलं आणि एकदम विमानांचं हँगर आठवलं. आसामातलं आमचं हवाई दलाचं स्टेशन, एकाहत्तरचा डिसेंबर, लढाई सुरू होऊन थोडे दिवस झालेले. वसंत, भास्कर आणि मी पोत्यांच्या थप्पीवर बसलो होतो. तिघांत एक थर्मास. भास्करच्या आईने साताऱ्याहून पाठवलेल्या चकल्यांच्या डब्यात तळाला फक्त चुरा. भास्करने तो तिघांच्या तळहातावर सारखा वाटला, स्वतःच्या वाटणीतला मोठा तुकडा मला दिला. मग त्याने मी शिवलेलं पोतं उलटंपालटं करून पाहिलं.

"वहिनी, हे पोतं आहे की तुमच्या कॉन्व्हेंटचा टेबलक्लॉथ? जवान उघडणारच नाहीत. भिंतीवर टांगतील."

वसंत म्हणाला, "तू तुझं विमान सांभाळ. शिवणातलं तुला काय कळतं?"

बस, एवढंच. पुढे कुणीतरी हाक मारली आणि दोघं उठून गेले. का आठवलं कोण जाणे. ओकांचा फोन येणार म्हणून असेल.

फोन आला. विंग कमांडर ओक, आता पुण्यात. आमच्या युनिटचा इतिहास लिहितायत, माल आणि माणसं वाहणाऱ्या डकोटा विमानांच्या त्या तुकडीचा. वयाने आमच्याहून बरेच लहान, लढाईनंतर भरती झालेले. "उषामॅडम, मसुदा पाठवतो. सरांना वाचून दाखवा. तुमच्यावर अख्खं पान आहे."

सरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वसंतला सांगितलं. सर म्हणाले, "रॉजर."

९ जानेवारी, गुरुवार

खालच्या झेरॉक्सवाल्याकडून मसुदा छापून आणला. जाड गठ्ठा. डोळ्यांना फोन सोसत नाही.

वसंतची खुर्ची बाल्कनीत. वाचून दाखवायला बसले. पहिलं प्रकरण विमानं कशी आली त्याचं, दुसरं माणसांचं. वसंतचं नाव आलं तिथे दोनदा वाचलं. नॅव्हिगेटर, म्हणजे वाट काढणारा. पहिल्यांदा त्याने ऐकलं. दुसऱ्यांदा हसला, डाव्या बाजूने. हल्ली तेवढीच बाजू हसते.

दोन वर्षं झाली अर्धांगाच्या झटक्याला. शब्द गेले ते गेलेच, एक सोडून. भूक लागली, रॉजर. दुखतंय, रॉजर. लेक नंदिनी पुण्याहून आली, रॉजर. डॉक्टरांना गंमत वाटते. मला सुरुवातीला रडू यायचं. आता वाटतं, बरा शब्द राहिला. विमानाच्या रेडिओवर रॉजर म्हणजे हो नव्हे. रॉजर म्हणजे ऐकलं.

वसंतला सांभाळणारी जनाबाई काल करावे गावात हळदीला गेली होती. आज त्याला भरवताना, "काका, आ करा. नायतर ह्यो घास मीच खाते हां, मंग बसा." त्याने आ केला. माझ्याकडून कधी करत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज वाचायला नको होतं.

माझं पान आलं. हँगरमधल्या आम्हा सहाजणींचा फोटो, साड्या खोचलेल्या, हातात दाभण. मी डावीकडून दुसरी. खाली कौतुक. पॅकिंगची माणसं दुसऱ्या कामाला गेली तेव्हा क्वार्टर्समधल्या बायकांनी हातात दाभण घेतलं, वगैरे.

त्याच पानावर चौकटीत पद्धत दिली आहे. पॅराशूट पुरेसे नसत, म्हणून धान्याचं पोतं विमानाच्या दारातून तसंच खाली ढकलायचं. आतलं पोतं खडूच्या रेघेपर्यंतच भरायचं, वर जागा ठेवायची. ते दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालायचं आणि बाहेरचं सैल शिवायचं. आदळल्यावर आतलं फुटतं, बाहेरचं टिकतं, धान्य वाचतं. गच्च भरलं तर दोन्ही फुटतात.

मला रेघ आठवते. पांढरी. हवालदाराने सगळ्या पोत्यांवर ओढून दिली होती. हाताने दाखवलं होतं, इथपर्यंत. का, ते सांगायच्या आत त्याला कुणी बोलावून नेलं. आणि मला वाटलं, सरकारी काटकसर. वर डोंगरात पोरं बर्फात बसलीत आणि पोतं एवढं अर्धवट पाठवायचं? मीच म्हटलं, माझ्याकडून एक माप जास्त. मग प्रत्येकीने आपल्या नावाने एकेक घातलं. पंजाबची ती, केरळची ती, सगळ्यांनी. ओटी भरतात तशी पोती भरली आम्ही. सहा मापं. रेघ कुठच्या कुठे बुडाली. मग बाहेरचं पोतं मी शिवलं, शाळेत शिवणाच्या सिस्टरने शिकवलं तसं, घट्ट, टाक्याला टाका.

पुढल्या पानावर एक वाक्य. इंग्रजीत आहे, माझ्या मराठीत उतरवते: 'कप्तान भास्कर मोहिते यांनी ठरलेल्या उंचीच्या वरून माल सोडल्याने त्या फेरीतले सर्व धान्य वाया गेले, ढगांमुळे पुढील चार दिवस त्या ठाण्याला पुरवठा होऊ शकला नाही.'

त्या फेरीत आमची पोती होती. आमची पहिलीच. दुसऱ्या दिवशी पॅकिंगची माणसं परत आली आणि आम्हाला घरी पाठवलं. आभार मानले, चहा दिला. कुणी काही बोललं नाही.

भास्करचं विमान त्यानंतर काढून घेतलं. कप्तान म्हणून तो पुन्हा उडाला नाही. तीन वर्षांनी नोकरी सोडली.

मला एवढंच माहीत होतं की भास्करची चूक झाली. सगळ्यांना तेवढंच माहीत होतं.

१३ जानेवारी, सोमवार

बीपी १६०/९४. माझं. वसंतचं छान.

चार दिवस. त्या ठाण्यावरच्या पोरांनी चार दिवस काय खाल्लं? मसुद्यात नाही. कुणाला विचारायचं?

१५ जानेवारी, बुधवार

ओकांना फोन केला. सगळं सांगितलं, माप, रेघ, सहाजणी. शांतपणे ऐकलं त्यांनी.

"मॅडम, हे फारच सुंदर आहे. एक माप जास्त! हे मी तुमच्या पानावर घेऊ का?"

म्हटलं, माझ्या पानावर नको. भास्करच्या पानावर घ्या. ते वाक्य काढा.

"ते चौकशीतून आलंय. मी बदलू शकत नाही."

"पण ते चूक असेल तर?"

"मोहितेसर आहेत ना तुमच्याकडेच, जुईनगरला? त्यांनी लेखी हरकत घेतली तर त्या वाक्याखाली टीप टाकतो. महिनाअखेरीच्या आत कळवा. मग छापखान्यात जाईल."

सज्जन माणूस. काय चुकलं त्यांचं?

जुईनगर म्हणजे इथून रिक्षाने किती, पंधरा मिनिटं. तरी पाय निघत नाही.

२० जानेवारी, सोमवार

गेले.

भास्करची भाची शुभा दार उघडायला आली. भास्करने लग्न केलं नाही, तीच बघते त्याचं. "मामा, बघा कोण आलंय." खिडकीशी पलंग, बाजूला प्राणवायूचं यंत्र गुरगुरतंय. नोकरी सोडल्यावर स्वतःच्या मामांच्या दाणाबाजारातल्या गाळ्यावर बसला तो, बाजार वाशीला हलला तसा तोही आला, आयुष्य गाळ्यावरच गेलं. डॉक्टर म्हणतात, धान्याच्या धुळीने फुप्फुसं गेली.

"या वहिनी. दाभण नाही आणलंत? ही उशी उसवलीय."

"अजून तोंड तसंच आहे तुमचं."

"तेवढंच चालतंय. वसंता काय म्हणतो?"

"रॉजर म्हणतो."

इतका हसला की खोकला लागला, शुभा पाणी घेऊन धावली.

मग मसुद्याचं पान त्याच्यापुढे ठेवलं. भिंग घेऊन वाचलं. मी सांगत गेले. रेघेचं सांगितलं, मापाचं सांगितलं. तो ऐकत होता का खिडकीबाहेर बघत होता, कळेना.

"वहिनी, यात एक अक्षर खोटं नाही. मी वर होतो. समोर कडा आला, मी घाबरलो, वर ओढलं विमान. तेवढ्यात मागे माल सुटला."

"किती वर होतात?"

"पुरेसा."

"पोती गच्च होती, भास्कर."

"त्या उंचीवरून गाद्या टाकल्या असत्या तरी फुटल्या असत्या." दम घेतला. "तुम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना दुसऱ्याची पापंही आपल्या वहीत लिहून घ्यायची हौस फार. माझी मला राहू द्या."

"तुमचं करिअर गेलं."

"आणि? गाळा मिळाला. हमाल मला शेवटपर्यंत कॅप्टनसाहेब म्हणायचे. आमच्या युनिटात कुणी म्हटलं होतं का?"

शुभाने पोहे केले होते. निघताना त्याने माझा हात धरला, सुईच्या बोटाकडे बघितलं. "घट्टा गेला वाटतं."

कधीच गेला, म्हटलं.

घरी येईपर्यंत थोडं हलकं वाटलं, हे खरं. तो वर होता. तो स्वतः म्हणतोय. मग माझी पोती...

२१ जानेवारी, मंगळवार

ओकांना फोन करून टाकला. म्हटलं, मोहिते स्वतः म्हणतात वाक्य बरोबर आहे. राहू द्या.

"थँक यू मॅडम. मोठं काम सोपं केलंत. वसंतसरांचा वर्दीतला एखादा फोटो मिळाला तर बघा ना, नाहीतर नंतर आमच्या संग्रहासाठी."

वसंतला सांगितलं, भास्करला भेटले, मजेत आहे, वाक्य राहू दिलं. तो माझ्याकडे खूप वेळ बघत राहिला. रॉजर म्हणाला नाही.

जनाबाई म्हणाली, "काकांना कायतरी सांगाचा हाय, ताई. बघा ना कसं बघतान."

म्हटलं, असेल. पण कसं सांगणार?

२८ जानेवारी, मंगळवार

फोटोसाठी काळी ट्रंक उघडली. वर्दी, पदकांचा डबा, नकाशे. तळाशी खिशात मावणारी वही. त्या डिसेंबरची.

मला आठवतं, वसंतचा कान बिघडला होता, डॉक्टरांनी उडायला बंदी केली होती. म्हणून ते दहा-बारा दिवस त्याला पॅकिंगच्या हँगरवर नेमलं होतं. त्याने तपासून सही केली की माल विमानात चढायचा. हे मला तेव्हाही माहीत होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवून कधी पाहिल्याच नाहीत.

वहीत त्या दिवशी: 'पोती तपासली. ठीक.' खाली त्याची सही.

चार पानं पुढे पेन्सिलीने तीन ओळी. दोन वेगळी हस्ताक्षरं. विमानात आवाजामुळे काही ऐकू येत नसे, म्हणून भास्कर आणि वसंत एकच वही मांडीवरून मांडीवर सरकवत बोलायचे. जमिनीवरही ती सवय सुटली नव्हती. पिक्चर बघतानासुद्धा एकमेकांना चिठ्ठ्या. मी चिडायचे. ही पानं चौकशीच्या खोलीबाहेरची असणार. बाकावर दोघं, शेजारी कुणी पहारेकरी, बोलायची मनाई. मराठीत लिहिलंय, म्हणजे दुसऱ्याला वाचता येऊ नये.

वसंत: 'पोती रेघेच्या वर भरलेली. मी न बघता सही केली. आत जाऊन सांगतो.'

भास्करचं तिरकं अक्षर: 'मूर्खपणा नको. मी वर होतो. तेच खरं. उषाला कधी कळता कामा नये.'

आणि खाली, वसंतचं:

'रॉजर.'

वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. का गेले माहीत नाही. गॅस चालू केला, बंद केला.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळी नऊला ओकांना फोन. उचलला नाही. दहाला. साडेदहाला त्यांनीच केला.

"अरेरे, मॅडम. काल दुपारीच गेलं हो. आपलं बोलणं झाल्यावर मी म्हटलं उगाच महिनाअखेर कशाला थांबायचं."

"थांबवता नाही येणार?"

"छपाईच्या प्लेटा झाल्या. खर्चाचा प्रश्न नाही, पण प्रकाशनाच्या सोहळ्याला पोचायला हवं. पुढच्या आवृत्तीत नक्की."

पुढची आवृत्ती. आमच्या युनिटचे किती उरलेत? ग्रुपवर दर महिन्याला एक हार घातलेला फोटो येतो.

मीच म्हटलं होतं, राहू द्या. दोनदा चूक केली. तेव्हा जास्त भरलं, आता लवकर हात काढून घेतला.

१ फेब्रुवारी, शनिवार

वसंतसमोर वही धरली. त्याने ओळखली. उजवा हात हलत नाही, डाव्या हाताचं बोट भास्करच्या ओळीवर ठेवलं. मग स्वतःच्या ओळीवर.

"तुला माहीत होतं."

"रॉजर."

"भास्कर खरंच वर होता का? की माझ्यासाठी म्हणाला?"

"रॉजर."

"वसंत, एकदाच. वर होता?"

डोळ्यांत पाणी. त्याच्या. मी पुन्हा विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस गल्लीतल्या रिक्षावाल्याशीही तासभर बोलायचा. पन्नास वर्षांहून जास्त माझ्या शेजारी झोपला, एवढं बोलला, हे एक सोडून. रागवावं म्हटलं तर कुणावर? त्याने मित्राला दिलेला शब्द पाळला, तोही माझ्याचसाठी.

नव्या विमानतळाकडे चाचणीचं विमान गेलं. दोघांनी वर पाहिलं. जनाबाई म्हणाली, "ह्यांचा तर जलमच वर बघन्यात गेला."

जिना चढताना दम लागतो हल्ली. लिफ्ट बंद होती म्हणून कळलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

वही पर्समध्ये घालून जुईनगरला गेले. कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, परवा हॉस्पिटलमध्ये हलवलं, वाशीला.

तिथे गेले. शुभा बाहेर खुर्चीवर. "काकू, मास्क लावलाय. बोलू देत नाहीत. दोन मिनिटं बघून या."

गेले. तोंडावर मास्क, डोळे उघडे. मला ओळखलं. भुवई उडवली, तशीच, चकलीचा चुरा वाटताना उडवायचा. मी पर्समध्ये हात घातला, वही हाताशी आली. काढली नाही. काय दाखवणार होते? तुमची चोरी पकडली म्हणून? ज्याला श्वास घेताना कष्ट पडतायत त्याला उत्तर मागायचं?

फक्त म्हटलं, "उशी शिवायची राहिली."

त्याने दोन बोटं हलवली. नंतर शिवा, किंवा जा आता. किंवा काहीच नाही.

बाहेर शुभाला विचारलं, मामा कधी लढाईचं बोलायचे का?

"नाही हो. गाळ्यावर मात्र एक वेड होतं. पोतं कधी गच्च भरू द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक भांडायचं, मापात मारता म्हणून. मामा वजन करून दाखवायचे, वजन बरोबर असायचं. मोठं पोतं घ्या म्हणायचे, पण जागा ठेवा."

१० फेब्रुवारी, सोमवार

इथे राहायला आलो तेव्हापासून दर वैशाखात भास्करकडून वर्षाचे गहू यायचे. पोतं वरून लुळं. वसंतला मी दरवर्षी म्हणायचे, "तुझा मित्र झाला, पण व्यापारी तो व्यापारीच. पोतं बघ, पाऊण भरलंय." वसंत म्हणायचा, "असेल." एकदा तर भास्करच्या तोंडावरही म्हटलं, थट्टेत. तो म्हणाला, "तुमच्याइतका हात मोकळा नाही, वहिनी."

मी हसले होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांकडे गेले, एकटी. ईसीजी त्यांना आवडला नाही. अँजिओग्राफी म्हणतात. नंदिनीला फोन केला, ती म्हणाली, "आई, आजपर्यंत गप्प का बसलीस?" या घरात सगळे गप्प बसण्यात पटाईत, हे तिला काय सांगू.

शुभाचा मेसेज: मास्क कधी काढतात, कधी लावतात. झोपून असतात. बोलणं नाही.

हँगरमधल्या सहाजणींपैकी किती आहेत, आठवत बसले. पंजाबची गेली. केरळची मुलाकडे परदेशात, तिचा नंबर नाही. बाकीच्यांची नावंसुद्धा... एकीचं बाळ तिथे दोन पोत्यांच्या मध्ये झोपायचं. त्यांना कुणालाच माहीत नाही. आपण पोरांना एक माप जास्त दिलं, हेच समाधान घेऊन त्या जगल्या असतील. त्यांना सांगावं असं वाटत नाही. मग मला का कळावं, असंही वाटतं कधी. मग भास्करचा चेहरा समोर येतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कुरिअर. पाच प्रती. छान कागद, निळं कव्हर, आमचं विमान. फोटोत आम्ही सहाजणी. त्याच्या पुढल्या पानावर ते वाक्य. छापलेलं जास्त खरं दिसतं.

ओकांचं पत्र: 'तुमच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हतं.'

वसंतला पान दाखवलं. त्याने बोटाने ओळ पुसायचा प्रयत्न केला. अंगठ्याने घासत राहिला. जनाबाई म्हणाली, "काका, पुसून नाय जायचा त्यो, छापलाय."

मी हात धरून बाजूला केला.

१ मार्च, शनिवार

शाळेत नियम होता, छापलेल्या पुस्तकात पेनने काही लिहायचं नाही. पहिल्यांदा मोडला. पाचही प्रतींत त्या वाक्याखाली, पक्क्या शाईने, एकसारख्या अक्षरात लिहिलं:

'या फेरीची पोती आम्ही सहाजणींनी रेघेच्या वर भरली होती. सुरुवात मी केली. हे मला आता कळलं. कप्तान किती उंचीवर होते हे मला माहीत नाही. ते म्हणतात, वर होते. त्यांनी माझ्यासाठी याहून मोठ्या गोष्टी केल्या आहेत. — उषा.'

भास्करला हे आवडणार नाही. त्याची मागणी होती, माझी मला राहू द्या. मी ती चूक पूर्ण काढून घेतलेली नाही. अर्धी ठेवली आहे त्याला. इतकंच जमलं. बरोबर केलं का, ज्या दोघांना विचारायचं ते दोघेही बोलू शकत नाहीत.

दुपारी शुभाचा मेसेज. 'आज डोळे उघडले. कुणालातरी शोधल्यासारखं करतात. तुम्ही याल का?' सोमवारी सकाळी माझं हॉस्पिटल. उद्या नंदिनी येते. तिला म्हणेन, आधी वाशीला ने. नेते का बघू.

२ मार्च, रविवार

नंदिनी, तू आत बॅग भरतेयस, मी इथे लिहितेय. उद्याचं काही मोठं नाही असं डॉक्टर म्हणतात. तरीही.

वाशीला नेलंस, पण आत सोडलं नाही. म्हणून हे.

पुस्तकाच्या पाच प्रती. एक तुझी, वाच. एक ओकांना, युनिटच्या कपाटात ठेवण्यासाठी. त्यांनी पान फाडलं तर फाडोत, मी पाठवली आहे. एक वसंतच्या खुर्चीपाशी, तिथून हलवायची नाही. एक केरळच्या मैत्रिणीसाठी, पत्ता मिळाला तर. न मिळाल्यास वाशीच्या वाचनालयात दे. पाचवी शुभाकडे, भास्करसाठी. तो बरा झाला तर त्याला देऊ दे. स्वतःहून वाचून दाखवायची नाही.

छोटी वही वसंतची. तो आहे तोवर उशीखाली राहू दे. नंतर भास्करकडे. भास्कर नसेल तर शुभाकडे. ओकांकडे कधीही नाही.

काळी ट्रंक तुझी. वर्दी धुवायला टाकू नकोस.

दाभण जनाबाईला. तिच्या नवऱ्याला मासेमारीच्या जाळ्यांच्या कामाला येईल. बोथट झालंय, धार लावून घ्यायला सांग.

वसंतला भरवताना घाई करायची नाही. तो रॉजर म्हणाला की त्याने ऐकलं, एवढंच समज. त्याच्यापुढे कुणी त्या दिवसाबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत. मी विचारले, तेवढे पुरे झाले.

पिठाच्या डब्यातलं पत्र्याचं माप आपलं नाही. सरकारी आहे. त्या दिवशी हँगरमधून चुकून माझ्या पिशवीत आलं आणि इतकी वर्षं मी त्यानेच तुम्हाला जेवू घातलं. घासून, पुसून ठेवलंय. ते भास्करला. शुभाने त्याच्या उशाशी ठेवावं, त्याला दिसेल असं.

त्यात लाडू, चिवडा, काही घालून देऊ नकोस. तुझा हात माझ्यावर गेलाय, म्हणून सांगते. रिकामंच दे.